झाकलेली बादली

आज परत उत्तमसिंगच्या हातात ती बादली होती, आणि बादलीवर ओला गमछा.

मंजुषाने लेकराला खांद्याशी घट्ट धरलं. "काका, काय आहे त्यात?"

"काई न्हाई ताई. रोजचंच." तो थांबलासुद्धा नाही. माशांच्या टाकीकडून नदीच्या उतारावर निघून गेला.

शहराबाहेरच्या त्या शुद्धीकरण केंद्रात दिवसभर दोघंच. ती प्रयोगशाळेत, तो मशिनींवर. तिचा नवरा वसमतच्या कारखान्यात, यायचा तो रविवारी. उन्हाळ्यात नवी यंत्रं बसली, तेव्हापासून गटाराचं पाणी साफ होऊन, शेवटी या माशांच्या टाकीतून कयाधू नदीत पडत होतं. मासे जगले की पाणी चांगलं, असं साहेब म्हणायचे. खालच्या अंगाला मंजुषाचं माहेर होतं. तिथल्या विहिरी नदीकाठच्याच.

तिच्या चाचण्या चांगल्या येत होत्या. तरी तिचं मन मानत नव्हतं.

"टाकीतला एकही मासा मरत कसा नाही, काका?" तिने मागेच विचारलं होतं.

"मरत न्हाईत. मोठे खातात बाकी ल्हान्याला."

काहीही सांगतो, तिला वाटलं. मेलेले नदीत टाकून नवे आणत असणार हा. नाहीतर बादली झाकायची कशाला?

दुपारी ती बाळाच्या गालावर तीट लावत होती, तेव्हा तो दारात आला.

"बराबर करता ताई. नव्या जिवावर कोणाची नजर पडू द्यायची न्हाई." मग बोट पुढं केलं. "जरासं काजळ मला बी द्या."

"तुम्हाला? घरी कोण लहान आहे तुमच्या?"

"घरी कोणीच न्हाई," तो हसला. बोट जपत निघून गेला.

मंजुषाने साहेबांना फोन लावून बादलीचं सांगितलं. माझं नाव घेऊ नका, एवढं मात्र बजावलं.

सकाळी उत्तमसिंग बादली उचलून निघाला, तोच त्याचा फोन वाजला. "व्हय साहेब... आत्ताच?... व्हय."

त्याने बादली लिंबाखाली टेकवली.

"आजपासून सेनगावला जा म्हणले. काहून, ते न्हाई सांगितलं."

मंजुषा बाळाचं टोपडं नीट करत राहिली.

"बादली सावलीतच राहू द्या ताई. आन् लेकराला जपा. एकट्याच हाव आता तुमी."

त्याला न्यायला आलेली जीप गेली. मशिनींची घरघर तेवढी उरली. साहेबांना फोटो पाठवावा म्हणून मंजुषा लिंबाखाली गेली आणि तिने गमछा उचलला.

मेलेला एकही मासा नव्हता. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं पाणीभर वळवळत होती. आणि बादलीला, बाहेरच्या अंगाला, काजळाची तीट लावलेली होती.