दगडाच्या हातातला पेला

मेंढवाड्याचा पाया खणताना निघालेला कोरीव दगड एसेनकुलने अंगणात उभा केला. मिशा, कमरपट्टा आणि छातीशी धरलेला खोलगट पेला.

"प्राचीन तुर्कांच्या काळातला," निवृत्त मास्तर कुबात म्हणाले. "पण हा पाहुणा की यजमान, ते काही ओळखता येत नाही."

"पाहुणाच. तोही न सांगता आलेला," एसेनकुल हसला.

सून अनाराने मास्तरांपुढे चहा ठेवला.

"सूनबाई, काठोकाठ? घालवतेस की काय मास्तरांना?" एसेनकुल म्हणाला.

ती ओशाळली. पाहुण्याला चहा घोटघोट ओतायचा. पेला काठोकाठ भरला, की त्याने समजून उठायचं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण तिचं लक्ष दगडाकडे होतं.

त्याच्या पेल्यात घोटभर पाणी होतं. महिनाभर पाऊस नव्हता. तिने ते फडक्याने टिपलं. पाणी कोमट होतं. जेवणं उरकेपर्यंत पेल्यात पुन्हा घोटभर.

"मामंजी, त्यात पाणी तुम्ही ओतता का?"

"मला दुसरे उद्योग नाहीत होय?"

तीन दिवस ती टिपत राहिली. चौथ्या दिवशी मेंढवाड्याची पहिली भिंत उभी राहिली. अनारा फडकं घेऊन दगडापाशी गेली आणि जागीच थबकली.

पेला काठोकाठ भरला होता.