नववी चौकट

रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी वृत्तवाहिनीच्या थेट चर्चेत पडद्यावर नववी चौकट उघडली. पाहुणे आठच बोलावले होते.

हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यात एक निवेदक आणि पाहुणे म्हणून राज्यशास्त्राचे एक वृद्ध प्राध्यापक, सगळ्यांचे सर, एवढंच असायचं. सर सावकाश राजकारण समजावून सांगायचे, मध्येच थांबून पाणी प्यायचे. पुढे निर्मात्याने चौकटी वाढवल्या. आधी दोन, मग चार, मग आठ. भांडणं वाढली तसे प्रेक्षकही वाढले. सरांचा आवाज बंद करून नुसता चेहरा दाखवायचा, ही युक्तीही त्याचीच. चिडलेला मुका माणूस पडद्यावर शोभून दिसतो, असं तो हसत सांगायचा.

गेल्या महिन्यात सर घरून चर्चेत बसले होते. छातीवर हात ठेवून ते चार मिनिटं ओठ हलवत राहिले.

"म्हातारा आज भलताच रंगात आलाय," निर्माता म्हणाला होता.

सकाळी कळलं, सर त्याच खुर्चीत गेले.

आता नवव्या चौकटीत तीच खुर्ची होती आणि छातीवर तोच हात.

"जुनं रेकॉर्डिंग कुणी लावलं? काढा ते!" निर्माता ओरडला.

"रेकॉर्डिंग नाही, साहेब," ध्वनितंत्रज्ञ म्हणाला. "लाइन थेट येतेय, त्यांच्या घरून."

निर्माता पडद्यापासून मागे सरकला. तरी त्याने सवयीने विचारलं, "आवाज बंद आहे ना?"

"बंदच आहे. मी एकटाच कानात ऐकतोय."

"काय म्हणतायत?"

तंत्रज्ञाने हेडफोन काढून त्याच्यापुढे धरला.

"तुम्हालाच हाका मारतायत. चार मिनिटं होत आली."