चोपन्न मीटरचं घर

"धरा आजी, घट्ट धरा," म्हणत घरमालक ल्यूबेननं मोजायच्या टेपचं टोक पेनाआजीच्या हातात दिलं आणि पलंगाला वळसा घालून तो बाल्कनीच्या दुसऱ्या भिंतीशी गेला. पलंगावर बसल्या बसल्या आजीनं टोक भिंतीला दाबून धरलं.

तिची सून नेदा दारात उभी राहून टेपवर नजर ठेवून होती. मालक उगाच घर मोजायला येत नाही.

"रुंदी मघाशी मोजलीच आहे. म्हणजे सहा चौरस मीटर," ल्यूबेन म्हणाला. "अठ्ठेचाळीस आणि सहा, चोपन्न. अख्ख्या ल्यूलिन वस्तीत भाडं मीटरवर चालतं, नेदाबाई. एक तारखेपासून चोपन्नाचं द्या."

"करारात अठ्ठेचाळीस आहेत."

"तेव्हा ही उघडी बाल्कनी होती. आता खोली झाली."

घरानं काही आपोआप बाळसं धरलं नव्हतं. नेदाच्या नवऱ्यानं, कामेननं, कुठल्याशा पाडलेल्या शाळेच्या खिडक्या खांद्यावरून वाहून आणल्या, स्वतः बसवल्या, तेव्हा कुठे त्याच्या आईचा पलंग मावला. ल्यूबेननं त्यात एक खिळाही दिला नव्हता.

"खिडक्या आमच्या आहेत, भाऊ."

"आणि भिंती माझ्या. जमत नसेल तर महिनाअखेर घर सोडा. माझ्याकडे गिऱ्हाइकं रांग लावून उभी आहेत."

वाढीव भाडं झेपणारं नव्हतं. म्हातारीला गावच्या रिकाम्या घरी धाडावं, तर ऐन थंडीत तिथे चूल पेटवून द्यायलाही कोणी नव्हतं. नेदाला रडू येत होतं, पण या माणसासमोर रडायचं नव्हतं. ती स्टुलावर चढली आणि खिडकीचा पहिला पल्ला तिनं बिजागरीतून उचलून काढला.

"अहो, हे काय चालवलंय?"

"करार पाळतेय."

दुसरा पल्ला निघाला. तिसरा. चौथा अडला, तो तिनं हिसडा मारून काढला. नोव्हेंबरचं वारं थेट पलंगावर आलं. खाली ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्यांवरचे कागद फडफडले.

आजीनं एका हातानं डोक्याचा रुमाल हनुवटीखाली सारखा केला, पाय वर घेतले, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. दुसऱ्या हातानं टेपचं टोक अजून भिंतीला तसंच दाबून धरलं होतं.

"मोज रे आता," ती म्हणाली.

ल्यूबेननं आधी आपल्या कोटाची वरची गुंडी लावली.