स्वयंपाकघरावरची आठ कौलं

“एकोणीस,” शिडीवरून उतरता उतरता विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणाली. “अकरा झोपायच्या खोलीवर आणि आठ स्वयंपाकघराच्या बाजूला.”

“अकरा?” दारात उभ्या असलेल्या तराजूसाहेबांच्या बायकोने विचारलं.

“आठ?” तराजूसाहेबांनी विचारलं.

पोरगी दोघांकडे बघून हसली. “वर चढल्याशिवाय कळत नाही, काका. खालून सगळं ठीकच दिसतं. आता एखाद्या मिस्त्रीकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्या. नुकसान गारांनीच झालंय, असं त्याने खाली लिहून सही करायची. कागद आला की क्लेम मंजूर.”

ती गेल्यावर तराजूसाहेब बराच वेळ अंगणात घुटमळत राहिले. वजनमापं खात्यात त्यांनी आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले होते, म्हणून गल्लीत हे नाव पडलेलं. आकडा चुकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि त्यांचा आकडा अकरा होता.

अकरा, कारण ती कौलं त्यांनी स्वतः फोडली होती.

गारा पडल्या त्या समोरच्या ओळीवर. ह्यांचं छप्पर जसंच्या तसं राहिलं. म्हणजे तीस वर्षांचं, झिजलेलं आणि प्रत्येक पावसात बायकोच्या उशाशी टपटपणारं. तिचा खोकला काही हटत नव्हता. झिजलेल्या छपराला विमा छदाम देत नाही, गारांना मात्र देतो. “गारांनीसुद्धा आपलं घर टाळलं हो,” असं म्हणून ती हसली होती आणि दुसऱ्या दिवशी बहिणीकडे गेली होती. ती परत येईपर्यंत साहेबांनी हातोडीला फडकं गुंडाळून काम उरकलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ते फॉर्म आणायला विमा कंपनीत गेले. रांगेत अख्खा दिवस मोडला. घरी येऊन ते तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोच म्हणाली, “अहो, आपली पण कौलं फुटलीत वाटतं. क्लेम करायला पाहिजे.”

तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. वाण्याने चुकून दिलेली जास्तीची नाणी परत करायला भर उन्हात मागे जाणारी ती बाई. तिला कळलं तर? क्लेम बुडाला तरी चालेल, पण चौतीस वर्षांनी तिच्या मनातून उतरणं त्यांना झेपणार नव्हतं.

म्हणून त्या आठ कौलांनी त्यांना फार धीर दिला. म्हणजे दोन-चार गारा खरंच ह्या घरावरही पडल्या होत्या. अपराध धुतला गेला नाही, पण त्याला थोडी सोबत तरी मिळाली.

मिस्त्री तीन जण आले. पहिला फाटकातूनच म्हणाला, “वर चढायची गरज नाही. काय लिहायचं ते सांगा, सही ठोकतो.” दुसऱ्याला निम्मे पैसे आधी हवे होते आणि पत्ता विचारला तर तो ‘इथंच जवळ’ एवढंच सांगत होता. तिसऱ्याने आधी केलेल्या चार घरांचे पत्ते दिले, “त्यांना विचारून या, मग मला बोलवा,” म्हणाला आणि चहाही न घेता गेला.

“पहिलाच बरा,” बायको म्हणाली. ओट्यावर बाटलीच्या बुडाने ती मिरी चेचत होती.

“अगं, तो छप्पर न बघता सही करतोय!”

“मग वेळ वाचतो की.”

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. एक टोमॅटो घ्यायला दहा चाचपणारी बाई. “आणि बत्ता कुठे गेला?”

“शेजारणीने नेलाय.” ती गुडघा चोळत खुर्चीत बसली. “तिसरा नको हो. फारच शिष्ट वाटतो.”

पण साहेब अडून बसले. चारही घरी जाऊन विचारून आले. निदान छप्पर तरी सरळ माणसाच्या हातून व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या आठ कौलांच्या भरवशावर आपली अकरा खपून जातील, असंही होतं. खोटं कशाला बोला!

तिसरा मिस्त्री सकाळी आला आणि तासभर वर होता. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता. त्याने कौलाचे दोन तुकडे टेबलावर ठेवले.

“साहेब, गारेने कौल फुटलं तर त्याचा चुरा त्याच पावसात धुऊन जातो. नंतर तर थेंबही पडला नाही. तुमच्याकडे चुरा कोरडा, जागच्या जागी आहे. एकोणीसच्या एकोणीस कौलं नंतर फुटलीत. काम चोख करून देईन, पण त्या कागदावर माझी सही मिळणार नाही.”

साहेबांचे कान तापले. बायको खाली मान घालून बसली होती, आणि तिची ती मान त्यांना बघवेना.

“अगं, ऐक,” ते म्हणाले. “ती मी फोडली. हातोडीने. तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा. तुझा खोकला ऐकवत नव्हता गं मला. मला लाज वाटते. क्लेम आजच मागे घेतो.”

बायकोने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण राग कुठे दिसेना.

“पण अकराच,” ते घाईघाईने म्हणाले. “स्वयंपाकघराकडची आठ मी नाही फोडली. तुझी शपथ. विश्वास ठेव माझ्यावर.”

“हां, त्या बाजूचं राहिलंच,” मिस्त्री म्हणाला. त्याने पिशवीत हात घातला. “काकू, तिकडच्या पन्हळीत हा अडकला होता,” असं म्हणून त्याने पितळी बत्ता तिच्यासमोर ठेवला.