थेंबभरही नाही

हॅम्बर्गजवळच्या एका छोट्या धावपट्टीवर माझं, क्लाउसचं आणि मिलनचं मिळून एक जुनं, चार सीटचं विमान आहे. इंजिनात तेल ओतलं की वहीत लिहायचं, हा आमचा नियम. एप्रिलपासून वहीत तेलाची एकही नोंद नाही आणि तेल मात्र बघावं तेव्हा अगदी वरच्या खुणेपर्यंत.

"एवढं म्हातारं इंजिन आणि तेल खात नाही? मला नाही पटत," असं म्हणत आमच्या मेकॅनिक पेटरसनबाईंनी सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा घातला.

"उल्हासदादा, आईशप्पथ, मी थेंबभरही ओतलेलं नाही," मिलन कुजबुजला. क्लाउस नुसताच मान हलवत जर्मनमध्ये "नाइन, नाइन", म्हणजे नाही, नाही, करत राहिला. मला दोघांचाही संशय आला. तेल लागतंय असं लिहिलं की इंजिन उघडणार आणि विमान उन्हाळाभर शेडमध्ये पडून राहणार. क्लाउसला नातवंडांना फिरवायचं होतं, मिलनचे आईबाबा पुण्याहून यायचे होते. स्वतःच्या हौसेपायी माणसं दुसऱ्याच्या जिवाशी खेळतात हो! त्याच विमानातून शनिवारी मी माझ्या कुहूला, पोटच्या पोरीला, हेलगोलांड बेटावर नेणार होतो.

पेटरसनबाईंनी कॅमेरा बाहेर काढला. "सिलिंडर गेलाय. तीस तासांच्या उड्डाणात ह्या इंजिनानं निदान बारा लिटर तेल जाळलंय. ओतत कोण होतं?"

मिलन क्लाउसकडे बघायला लागला, क्लाउस मिलनकडे.



बारा? मी तर चारच ओतलं होतं.