डावी बाजू

डिस्कवर एकच ओरखडा होता. जयंतीने तो पट्टीने मोजला. चौदा मिलिमीटर, अगदी बाहेरच्या कडेला. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि ही अर्धीच भरलेली होती. ओरखड्याखाली आवाज नव्हताच.

“ओरखड्याचा संबंध नाही,” ती म्हणाली.

“मग ड्राइव्हच. सुबोध, काढ परत,” विद्याधर म्हणाले.

सुबोध टेबलाखालून बाहेर आला. सोसायटीच्या फाटकासमोर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारपासून त्याने लेन्स पुसली होती, केबल बदलली होती, स्पीकर बदलले होते, शेवटी दुकानातला ड्राइव्ह आणून बसवला होता.

“काका, हा दुसरा ड्राइव्ह. मला क्लिअर येतंय. काकूंना पण क्लिअर येतंय.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं? हिने जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि तू दिवसभर पंख्यांच्या घरघरीत बसतोस. गुरुजींचा षड्ज फाटतोय, खाली येतोय, आणि म्हणे क्लिअर! मदरबोर्ड बदल.”

“आता फक्त हे टेबल बदलायचं राहिलंय, काका.”

डिस्कवर विद्याधरांच्या गुरुजींची तालीम होती. पाचच्या गाण्याच्या क्लासला मुलांना ऐकवायची म्हणून त्यांनी ती कपाटातून काढली होती. आता साडेचार होत आले होते. पलंगावर तानपुरा काढून ठेवलेला होता. तो लावायचं काम ते कुणालाही देत नसत.

जयंतीने पट्टी खाली ठेवली.

“मार्चमध्ये पेटी बिघडली म्हणून पेटीवाल्याशी भांडलात. मग टीव्ही बिघडला. मग ऋतिका.”

“ऋतिकाचं काय मध्येच?”

“सात वर्षं शिकलेली मुलगी. सगळ्यांसमोर तिला बेसुरी म्हणालात. तीन आठवडे झाले, आली नाही.”

“होतीच बेसुरी. माझ्या डाव्या हाताला बसायची, अगदी कानाशी. मला ऐकू येत नव्हतं?”

“गुरुजींचा सूर उतरला की मशीन बिघडतं. तिचा उतरला की ती बिघडते. वर्षभर सांगतेय, एकदा कान दाखवून या.”

“माझे कान?” विद्याधरांचा आवाज चढला. “याच कानांवर चाळीस वर्षं शिकवतोय मी. कान गेले म्हटल्यावर कोण पाठवेल गं मुलं माझ्याकडे?”

सुबोध उरलेले स्क्रू डबीत टाकत राहिला. जयंतीने डिस्क पुन्हा ड्राइव्हमध्ये घातली आणि कपाटातून हेडफोन काढून कॉम्प्युटरला लावले.

“बसा, हे घाला आणि ऐका. कुठल्या बाजूने फाटतोय, एवढंच सांगा.”

“डाव्या. दुपारपासून तेच सांगतोय, डाव्या!”

तिने हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढले, उलटे केले आणि पुन्हा घातले. डाव्या कानावर होती ती बाजू आता उजव्या कानावर आली.

“मशीनचा दोष असेल तर आता उजवीकडे फाटेल. ऐका.”

विद्याधरांनी डोळे मिटले. गुरुजी त्याच षड्जावर थांबले होते. सुबोधच्या हातातला शेवटचा स्क्रू डबीत पडलाच नाही, त्याने तो मुठीत धरून ठेवला.

“कुठे?” जयंतीने विचारलं.

त्यांनी स्वतः हेडफोन काढले, त्यावरची डावं-उजवं सांगणारी अक्षरं पाहिली आणि सुलटे घातले. मग पुन्हा उलटे. मग पुन्हा सुलटे. असं चार वेळा केलं. जयंती प्रत्येक वेळी थांबली. प्रयोग ज्याचा त्यानेच करायचा असतो, असं ती विद्यार्थ्यांना सांगत असे.

“डावीकडेच,” अखेर ते म्हणाले.

गुरुजी गात होते. कुणी बंद केलं नाही.

“काका, जुना ड्राइव्ह परत बसवू?” सुबोधने हळूच विचारलं.

“बसव. चांगला होता तो.”

त्यांनी हात पुढे केला. जयंतीने त्यांचा मोबाइल दिला. त्यांनी नंबर लावला, सवयीने फोन डाव्या कानाशी नेला, मग उजव्या कानाला लावला. पलीकडे बराच वेळ रिंग वाजली.

“ऋतिका? मी बोलतोय. नाही, रागवायला नाही केला फोन. ऐक. पाचचा क्लास आज तू घे. तानपुराही तूच लाव.” त्यांनी जयंतीकडे पाहिलं. “मी कान दाखवायला चाललोय.”