आधी हलकी सिस्टीम

"पाचच मिनिटं हं," म्हणत बाबाने छोट्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला. घड्याळात सव्वाचार झाले होते. कोर्टाने ठरवून दिल्याप्रमाणे लेक पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी चार ते सहा त्याच्याकडे यायची. सहाच्या ठोक्याला तिची आई दारात.

लॅपटॉप दप्तरात मावेल एवढा, आणि जुना. त्यावर दोघांचा एक खेळ होता, गाव वसवायचा. पाच महिन्यांत त्यांनी विहीर खणली, कुंपण घातलं, तीन खाटांचं घर बांधलं. तिसरी खाट लेकीने मांडली तेव्हा बाबाने काही विचारलं नव्हतं. पण हल्ली गाव फार अडखळायचं. गाय आधी हंबरायची आणि मग दिसायची.

"ही ऑपरेटिंग सिस्टीम जड आहे," बाबा म्हणाला. "हलकी टाकली की बघ कसं पळतं."

तीन सिस्टीम त्याने निवडून आणल्या होत्या. पहिल्या दोन नुसत्या चालवून पाहिल्या. एक याहून जड निघाली, दुसरीत आवाजच येईना. बाबाचा स्वभावच असा. सहलीला निघताना गाडी धूत बसणारा माणूस; पोचेपर्यंत ऊन उतरलेलं. बायकोने तेरा वर्षं गाडीत बसून वाट पाहिली, मग उतरून गेली.

"बाबा, तसंच खेळू या ना," लेक म्हणाली. "मला चालतं अडकलेलं."

"झालंच गं."

तिसरीने विचारलं, डिस्क पूर्ण पुसायची का? बाबाने लॅपटॉपमधले कामाचे कागद आदल्या दिवशीच आठवणीने दुसरीकडे काढून ठेवले होते. त्याने बेधडक 'हो' दाबलं.

खेळ पुन्हा टाकून पावणेसहाला उघडला आणि खरंच सुसाट पळू लागला. पडद्यावर हिरवंगार मोकळं माळरान होतं. वर एक चौकट: गावाचं नाव लिहा.

"आपलं गाव कुठंय?"

बाबाचा हात जागीच थांबला. लॅपटॉपवर लेकीचं वेगळं खातं त्यानेच हौसेने करून दिलं होतं, तिचा फोटो लावून. गाव त्या खात्यात होतं. काल कागद काढले ते फक्त स्वतःच्या खात्यातले. तरी तोंड सवयीने बोललं.

"नवीन वसवू की. बघ ना, आता कुठे म्हणून अडकत नाही."

"कशाला अडकेल? काहीच नाहीये त्यात."

ती ओरडली नाही, रडली नाही. हा सूर बाबाला ओळखीचा होता. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी तो एवढ्या लवकर येईल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. तो गावाचं नाव लिहायला गेला, दोन अक्षरं लिहून त्याने ती खोडली.

बेल वाजली. लेकीने स्वतःच दार उघडलं आणि उंबऱ्यात बसून बूट चढवले.

"काय खेळलात आज?" आईने विचारलं.

"तयारी."

आईने वाकून लेकीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली आणि आत न बघताच दार ओढून घेतलं.